अळीनं काय खाल्लं होतं?

१९३० साली सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या वसाहतीसमोर ठाण मांडून बसले. अर्धवट विणलेलं घरटं दाखवून नर मादीला कसा राजी करतो, ती नांदायला लागली की लगेच दुसरं घरटं कसं विणायला घेतो, हे त्यांनी १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं आणि त्या निबंधानं त्यांचं नाव झालं. सुगरणीच्या संसारातली आणखी एक गोष्ट मात्र शेतकऱ्याच्या नजरेतून सहसा निसटते. बाजरीच्या कणसावर आणि भाताच्या लोंबीवर तुटून पडणारा हा पक्षी घरट्यात पिल्लं आली की अळ्या आणि नाकतोडे पकडत फिरतो. चिमणीचंही तेच. एरवी अंगणातल्या कण्या टिपणारी चिमणी अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला दाणा भरवत नाही, मऊ अळी भरवते. दाणा दळायची ताकद त्या उघड्या पिल्लाच्या पोटात अजून आलेली नसते आणि दोन आठवड्यांत अंगभर पिसं चढवायला लागणारं प्रथिन सुक्या दाण्यात पुरेसं नसतं.

पिंजऱ्यातले फिंच या दोघांच्या नात्यातलेच. म्हणून त्यांना किडे द्यावेत का, कोणते द्यावेत, किती द्यावेत, हे प्रश्न पाळणाऱ्याला आज ना उद्या पडतातच. त्यावर आपल्याकडे दोन टोकाची माणसं भेटतात. एकाचं म्हणणं, दुकानातली कांगणी, वाटीभर पाणी आणि बसायला मटकी, एवढ्यावर आमच्या आजोबांचे पक्षी जगले, तुम्ही कशाला लाड करता? दुसरा परदेशी चित्रफिती पाहतो, मिलवर्मचा डबा मागवतो आणि पहिल्याच दिवशी मूठभर अळ्या जाळीत ओततो. पहिल्याची पिल्लं घरट्यात मरतात, दुसऱ्याच्या माद्या अंडं अडकून मरतात. दोघंही दोष मात्र हवामानाला देतात. हे पुस्तक या दोघांसाठी आहे, आणि प्रस्तावनेत मला एवढंच करायचं आहे की पुढची प्रकरणं कोणत्या नजरेनं वाचावीत ते सांगायचं.

आधी पक्षी कोणता, ते पाहू. आपल्याकडे दुकानात मिळणारे फिंच बहुतेक परदेशी मुळाचे. झेब्रा आणि गोल्डियन ऑस्ट्रेलियाचे. त्या देशानं १९६० पासून आपले रानपक्षी बाहेर पाठवणं बंद केलं, तेव्हा आज तुमच्या जाळीत आहेत ते पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. बंगाली फिंच जपानी लोकांनी सुमारे अडीचशे वर्षांत घडवला आणि तो ज्या पक्ष्यापासून घडवला ती पांढऱ्या पाठीची मुनिया आपल्या सह्याद्रीतही राहते. मात्र ती मुनिया, ठिपकेवाली मुनिया किंवा लाल मुनिया धरून पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. कुणी रंगवलेली मुनिया ‘फॉरेनची’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका. जावा फिंचसारखे काही पक्षी आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत आहेत आणि कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रजाती पाळणाऱ्याला सरकारदरबारी नोंद करावी लागते. तेवढी चौकशी पक्षी घेण्याआधीच करावी.

आता त्यांचं खाणं. झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावर पावसाच्या मागे मागे फिरतो. त्याचा रानातला संसार वर्षानुवर्षं अभ्यासणारे रिचर्ड झॅन यांचं झेब्रा फिंचवरचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. त्यांनी आणि इतरांनी जे पाहिलं ते आपल्या कल्पनेला थोडा धक्का देणारं आहे. हा पक्षी पिल्लांनाही मुख्यतः गवताचं बीच भरवतो, फक्त ते सुकं नसतं, दुधात आलेलं, कोवळं असतं. गोल्डियनचं त्याहून सरळ. त्याची सगळी भिस्त गवताच्या बियांवर, त्यातही आपल्या ज्वारीच्या रानटी भावकीतल्या गवतांवर. रानातल्या गोल्डियनच्या गळ्यातल्या पिशवीत किडा सापडणं ही अपवादाची गोष्ट. बंगाली तर पिंजऱ्यातच घडलेला. अंकुरलेलं धान्य आणि थोडं अंडं मिळालं की तो स्वतःची पिल्लं वाढवतो आणि शेजाऱ्याचीही.

कॉर्डन ब्लू, कटथ्रोट आणि आफ्रिकेतले इतर छोटे फिंच या पंगतीत बसत नाहीत. तिथल्या सवानात पाऊस पडला की वाळवी उधाणते आणि हे पक्षी त्याच मुहूर्तावर घरटी बांधतात. त्यांच्या पिल्लांचे पहिले दिवस जिवंत खाण्याशिवाय निघतच नाहीत म्हटलं तरी चालेल. आउल फिंच आणि स्टार फिंच या दोन टोकांच्या मधे कुठंतरी येतात. मिळालं तर आनंदानं खातात, नाही मिळालं तर चांगल्या मऊ खाण्यावर भागवतात.

म्हणजे एक झेब्राची जोडी पाळणाऱ्यानं किड्यांच्या मागं लागायचं फारसं कारण नाही. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहितो, कारण आपल्याकडे बऱ्याच घरांत अंडंसुद्धा चालत नाही, मग किड्यांचा डबा माळ्यावर ठेवायचं नावच नको. त्या घरांनी अपराधी वाटून घेऊ नये. रात्री भिजवलेली कांगणी, म्हणजे गावाकडचा राळा, सकाळी उपसून फडक्यात बांधली आणि कोंब जेमतेम डोकावले की दिली, तर झेब्रा आणि बंगाली त्यावर पिल्लं काढतात. कोंब आलेल्या दाण्यात माळावरच्या दुधाळ बियांचा थोडा तरी गुण उतरतो. फक्त उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते दोन तासांवर जाळीत ठेवू नका, आंबतं. अंड्याचंही तेच.

ज्यांना किडे द्यायचे आहेत, किंवा ज्यांच्या पक्ष्यांना ते लागतातच, त्यांच्यासाठी पुढचं.

धान्यात प्रथिन असतं, पण लायसीन आणि मेथिओनीन ही दोन अमिनो आम्लं कमी पडतात. किड्यात ती भरपूर. पिल्लाची वाढ आणि पिसं झडून नवी येण्याचा काळ, हे दोन प्रसंग म्हणूनच किड्यांचे. इथपर्यंत सगळे बरोबर सांगतात. घोळ होतो तो पुढं, कॅल्शियमपाशी.

मार्क फिंके या अमेरिकी पोषणतज्ज्ञानं २००२ मध्ये बाजारात मिळणाऱ्या खाद्यकिड्यांचं सविस्तर पृथक्करण प्रसिद्ध केलं. त्यात ताज्या मिलवर्मच्या एका किलोत कॅल्शियम भरलं १७० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा पटींहून अधिक. पक्ष्याच्या आहारात हवं असतं नेमकं उलटं, फॉस्फरसच्या दीड-दोन पट कॅल्शियम. रातकिडे, रेशीमकिडे, वॅक्सवर्म सगळ्यांची गत थोड्याफार फरकानं हीच, कारण किड्याला आतून हाडं नसतात. शिवाय मधपाळांच्या पोळ्यांची नासाडी करणाऱ्या मेणपतंगाची अळी, म्हणजे वॅक्सवर्म, निव्वळ चरबीची पिशवी. ताज्या वजनाचा जवळपास पाव भाग चरबी. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी मात्र अपवाद. ती आपल्या कातडीत कॅल्शियम साठवते आणि तिच्यात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त निघतं. ओला कचरा जिरवण्यासाठी या माशीचे प्रकल्प चालतात, तिथली अळी स्वस्त पडते म्हणून लगेच धावू नका. कचऱ्यावर वाढलेली अळी आणि दाण्याच्या भरड्यावर वाढलेली अळी यात काय फरक आहे ते पुढं येतंच.

हा आकड्यांचा पसारा प्रत्यक्षात कसा दिसतो ते सांगतो. मादी रोज एक याप्रमाणे चार-पाच अंडी घालते. तिचं स्वतःचं वजन बारा-पंधरा ग्रॅम. प्रत्येक अंड्याच्या कवचाला लागणारं कॅल्शियम तिला खाण्यातून किंवा हाडांतून आणावं लागतं. दाण्यात ते मुळात कमी, वरून रोज मिलवर्म म्हणजे फॉस्फरसचा मारा, आणि पक्षी घराच्या आत, उन्हाची तिरीपही न लागणाऱ्या कोपऱ्यात, म्हणजे ड जीवनसत्त्वाचाही दुष्काळ. मग एका सकाळी ती जाळीच्या तळाशी पिसं फुगवून बसलेली दिसते. डोळे अर्धे मिटलेले, शेपटी श्वासाबरोबर खालीवर होते, बोटं धड पकडत नाहीत. अंडं अडकलं आहे. आकुंचन पावायलाही स्नायूंना कॅल्शियमच लागतं आणि तेच संपलं आहे. तिला तत्काळ ऊब द्यायची आणि डॉक्टरकडे न्यायचं. तेल लावून दाबून काढायचा घरगुती प्रयोग करायचा नाही, अंडं आत फुटलं तर मादी हमखास जाते.

उपाय अळ्या सुरू करण्याच्या आधीचा आहे. समुद्रफेस जाळीत कायम टांगलेला हवा. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीनंतर माकूलाची ही पांढरी, हलकी हाडं वाळूत पडलेली मिळतात. ती घरी आणून दोन-चार दिवस पाणी बदलत भिजवावी, खारटपणा गेला की कडक उन्हात वाळवावी. कोंबडीच्या अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, भरडून दिली तरी चालतात. दोन गोष्टी मात्र बजावून सांगतो, कारण दोन्ही पाहिल्या आहेत. पानाचा चुना अळ्यांवर भुरभुरायचा नाही. तो दाहक असतो, चोच आणि घसा भाजतो. आणि शाळेचा खडू म्हणजे कॅल्शियमचा खुराक नव्हे. त्यातले बरेचसे जिप्समचे असतात. पावडर हवी तर कॅल्शियम कार्बोनेटची घ्यावी. तीही मिलवर्मच्या गुळगुळीत अंगाला फारशी चिकटत नाही, दोन वळवळींत वाटीच्या तळाशी जमते.

म्हणून जाणकार अळीच्या अंगावर नाही, पोटात कॅल्शियम घालतात. पक्ष्याला देण्याच्या एक-दोन दिवस आधी अळ्यांना कॅल्शियम मिसळलेलं खाणं आणि गाजराच्या चकत्या द्यायच्या. जास्त दिवस असं खाणं दिलं तर अळ्याच मरायला लागतात, त्यामुळे हे शेवटच्या टप्प्यातच करायचं. या पुस्तकाचं सगळं सार माझ्या मते इथं आहे. पक्ष्याच्या पोटात किडा एकटा जात नाही, त्या किड्यानं खाल्लेलं सगळं जातं. तेव्हा ‘माझा पक्षी काय खातो’ हा अर्धा प्रश्न झाला. दुसरा अर्धा : अळीनं काय खाल्लं होतं, आणि कुठं?

या कसोटीवर घरी वाढवलेला मिलवर्म सगळ्यात भरवशाचा ठरतो, त्याचे कॅल्शियमचे दोष धरूनसुद्धा. पसरट ट्रे, त्यात दोन-तीन बोटं गव्हाचा कोंडा, वर गाजराचे तुकडे. भुंगेरे अंडी घालतात, अळ्या निघतात, कात टाकत वाढतात, कोष होतात, पुन्हा भुंगेरे. सगळं चक्र काही महिन्यांचं. ट्रे नीट चालला आहे की नाही हे नाकाला आधी कळतं. चांगल्या ट्रेला गिरणीतल्या पिठासारखा कोरडा वास येतो. अमोनियाचा उग्र दर्प आला तर कोंड्याची जागा विष्ठेनं घेतली आहे, चाळून बदला. कुबट वास आला तर बुरशी, आणि बुरशीला तडजोड नाही, सगळा कोंडा फेकायचा. जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत ही लढाई रोजची असते. गाजराचा तुकडा संध्याकाळपर्यंत संपला नाही तर उचलावा, ट्रेवर घट्ट झाकण कधीच नको, बारीक जाळी हवी. मुंग्यांसाठी ट्रेचा स्टँड पाण्याच्या वाट्यांत उभा करावा, पूर्वी दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय ठेवत तसा.

पक्षी अळी खातो कशी, हेही जवळून पाहण्यासारखं आहे. फिंच ती अख्खी गिळत नाही. एका टोकाकडून चोचीत धरतो, चोचीच्या कडांनी चेपत चेपत दुसऱ्या टोकापर्यंत नेतो, पुन्हा उलटी फिरवतो. आतला मऊ गर पोटात जातो आणि रिकामं, पारदर्शक कातडं मान झटकून खाली टाकतो. वाटीखाली कागद घातला तर दिवसाच्या शेवटी त्यावर अशी कातडी पसरलेली दिसतात. जिवंत अळी पक्ष्याचं पोट कुरतडून बाहेर येते ही भीती त्यामुळे फिंचच्या बाबतीत निराधार. खरी काळजी कातड्याची आहे. ते काइटिनचं, चिवट; आईबापांनी घाईत मोठी अळी तशीच भरवली तर पिल्लाला पचत नाही. नुकतीच कात टाकलेली अळी पांढरीफटक आणि मऊ असते, पिल्लांसाठी तीच वेचावी. सुपरवर्म नावाची बोटाएवढी अळी दुकानदार आग्रहानं दाखवतो. ती फिंचसाठी नाही.

पिल्लं फारच लहान असतील तर फळमाशी. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी आपली चिलटं ती हीच. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आनुवंशिकता शिकवायला तिचे वाण पिढ्यानपिढ्या जोपासलेले असतात आणि पंचविसेक अंश तापमानात दहा-बारा दिवसांत तिची नवी पिढी तयार होते. पंख खुरटलेला वाण मिळाला तर माश्या घरभर होत नाहीत. फक्त एक गंमत लक्षात ठेवा. या वाणाचे खुरटे पंख तापमानावर अवलंबून असतात. तीस अंशांच्या वर वाढवलेल्या पिढीत ते बरेच मोठे निघतात. नागपूरकरांनी मे महिन्यात ही बाटली थंड खोलीत ठेवावी.

बाहेरून किडे गोळा करण्याविषयी मी लेखकापेक्षाही कडक आहे. ‘नैसर्गिक’ म्हणजे चांगलं, या समजुतीनं जेवढे पक्षी मेले असतील तेवढे उपासानं मेले नसतील. रुईच्या झाडावर पिवळ्या माव्याची दाट रांग असते. छोटे, मऊ, हवे तेवढे, फिंचसाठी अगदी योग्य वाटतात. पण तो मावा रुईच्या चिकातलं हृदयावर घाला घालणारं विष स्वतःच्या अंगात साठवतो आणि त्याचा भडक पिवळा रंग ही पक्ष्यांना दिलेली सूचनाच असते. कण्हेरीवरही हाच मावा. रुईच्या पानांवरच्या पट्टेदार अळीचंही, जिचं पुढं फुलपाखरू होतं, असंच. रानातला पक्षी एकदा तोंड भाजलं की शिकतो, शिवाय त्याला शंभर पर्याय असतात. तुमच्या जाळीतल्या पक्ष्यापुढं तुम्ही ठेवाल तेवढंच. काजव्यांचंही तेच सांगतो. अमेरिकेत काही काजव्यांनी पाळीव सरडे मारल्याच्या नोंदी आहेत. भंडारदऱ्याचे काजवे झाडावरच शोभतात. केसाळ अळ्या, ढेकण्या वासाचे किडे, अंगावर चिरडला तर फोड आणणारे भुंगेरे, भडक ठिपक्यांचे काहीही, हात लावू नका.

मग झाडावरचं नको, घरातलं तरी? तांदळातले पोरकिडे आणि पिठातल्या अळ्या निरुपद्रवी दिसतात. पण तांदळाला बोरिक पावडर चोळलेली असते, गव्हाच्या डब्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकलेल्या असतात, गोदामातल्या पोत्यांना धुरी दिलेली असते. त्यातून जगून-वाचून बाहेर पडलेला किडा पक्ष्याच्या तोंडी देणं म्हणजे तो डबाच देणं. वाळवी हे आफ्रिकी फिंचचं सगळ्यात आवडतं खाणं, आणि पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखांच्या वाळवीचा पूर येतो तेव्हा हात शिवशिवतात. इमारतीच्या पायात वाळवीनाशक घातलेलं नाही याची खात्री कुणाला देता येते? गावाकडचं, फवारणीपासून दूरचं, स्वतःच्या माहितीचं वारूळ असेल तर गोष्ट वेगळी. शेताच्या बांधावरच्या माव्याला आणि नाकतोड्यांना हाच नियम. शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हे शेतकऱ्याला विचारल्याशिवाय काही आणू नये.

रोगांचं प्रकरण पुस्तकात सविस्तर आहे, इथं दोनच गोष्टी. पहिली माशीच्या अळ्यांची. युरोपात मासे पकडायला गळाला लावतात त्या अळ्या पक्ष्यांनाही घालायची जुनी पद्धत होती, आणि तिच्याबरोबर पक्षी पटापट मरायची परंपराही. सडक्या मांसावर वाढलेल्या अळीत बोट्युलिझमच्या जंतूंचं विष साचतं. अळीला काही होत नाही, पक्ष्याची मान मात्र लुळी पडते आणि बहुधा तो वाचत नाही. मासळीबाजारामागच्या उकिरड्यावरून कुणी अळ्या आणायचा विचार करत असेल तर हे वाक्य त्यानं दोनदा वाचावं.

दुसरी गोष्ट अधिक घरातली, आणि तिला कारण आपली काटकसर. जाळीच्या तळाशी दाण्याची फोलकटं आणि अर्धवट दाणे साठतात. टाकायचे कशाला म्हणून माणूस ते मिलवर्मच्या ट्रेमध्ये ओततो. त्यात पक्ष्याची विष्ठा असते, विष्ठेत पट्टकृमीची अंडी असू शकतात. अळी किंवा भुंगेरा ती खातो, कृमी त्याच्या अंगात पुढच्या अवस्थेत जातो आणि तो किडा पक्ष्यानं खाल्ला की चक्र पुरं. पट्टकृमीला एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जायला मधे किडा लागतोच, आणि आपण तो वाटीत वाढून देतो. न खाल्लेल्या अळ्या संध्याकाळी पुन्हा ट्रेमध्ये सोडणं हीसुद्धा तीच चूक. पक्ष्याच्या जाळीतून बाहेर आलेली कोणतीही वस्तू किड्यांच्या ट्रेमध्ये जाता कामा नये. घरातल्या माश्या आणि झुरळं जाळीत शिरू न देणं हे त्याच कारणानं महत्त्वाचं.

आता प्रमाण. झेब्राएवढ्या पक्ष्याला एरवी दिवसाला दोन-तीन लहान अळ्या म्हणजे भरपूर. पिल्लं असताना जास्त, पण एकदम नाही, दिवसातून चार-पाच वेळा थोड्या थोड्या. मुबलक किडे मिळाले की पक्ष्याचं शरीर समजतं की पाऊसपाणी उत्तम आहे, पुन्हा संसार मांडा. नर पुन्हा जोडीला लागतो, आणि आधीची पिल्लं घरट्यात असतील तर कधीकधी त्यांना उचलून बाहेर फेकतो. सकाळी तळाशी पडलेलं थंड पिल्लू पाहून मालक नराला क्रूर ठरवतो. खरं तर ऋतू बदलल्याचा निरोप मालकानंच पाठवलेला असतो.

उलट बाजूही तितकीच वाईट. जिवंत खाण्यावर सुरू केलेली पिल्लं, आणि चौथ्या दिवशी अळ्या संपल्या, दुकान बंद, पार्सल अडकलं. आफ्रिकी फिंच अशा वेळी पिल्लांना भरवणं थांबवतात किंवा घरट्याबाहेर काढतात. त्यांच्या हिशेबानं पाऊस गेला, आता ही पिल्लं जगणार नाहीत. अंडी उबायला बारा-चौदा दिवस, पिल्लं घरट्यातून बाहेर यायला आणखी तीनेक आठवडे, स्वतः खायला शिकायला अजून दोन. एवढ्या काळाची रसद घरात किंवा खात्रीच्या ठिकाणी असल्याशिवाय मटकी टांगू नये. फ्रीजरमधले गोठवलेले मिलवर्म आणि अंड्याचं मऊ खाणं यांची सवय आधीपासून लावलेली असेल तर अडचणीच्या दिवशी पक्षी ते स्वीकारतात. नव्या पदार्थाकडे फिंच आधी दोन-चार दिवस बघतच नाही, त्यामुळे ही सवय पिल्लं झाल्यावर लावता येत नाही.

लेखकानं कुठल्याच किड्याची भलामण केलेली नाही आणि तयार वेळापत्रक दिलेलं नाही, हे मला या पुस्तकाचं बलस्थान वाटतं. काही वाचकांना तीच उणीव वाटेल. आमच्याकडे औषधाच्या चिठ्ठीसारखं पान लागतं, सकाळी अमुक, संध्याकाळी तमुक. पण रत्नागिरीच्या दमट घरातला ट्रे आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हातला ट्रे यांना एकच वेळापत्रक लागू पडत नाही, आणि बंगालीला लागू पडणारं कॉर्डन ब्लूला मारक ठरतं. एक तक्रार मात्र नोंदवतो. सुक्या मिलवर्मच्या पाकिटांवर लेखकानं फार सौम्य लिहिलं आहे. त्यात पाणी राहिलेलं नसतं, उत्पादनाची तारीख बहुधा वाचता येत नाही आणि कॅल्शियमचा हिशेब तोच बिघडलेला. भिजवून क्वचित देण्यापलीकडे मी त्यांना किंमत देणार नाही.

शेवटी एक काम सांगतो, आणि ते अळ्यांचा पहिला डबा आणण्याच्या आधीचं आहे. तुमच्या भागात पक्षी बघणारा डॉक्टर कोण, हे आत्ताच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, बारा ग्रॅमच्या पक्ष्याला औषधाचा थेंब मोजून देणारे थोडे. मुंबईत परळला आणि नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, साताऱ्याकडच्यांसाठी शिरवळला आहे. तिथं चौकशी करावी. किडे सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर काही महिन्यांनी पक्ष्यांच्या विष्ठेचा ताजा नमुना तपासून घ्यावा. कृमींचं औषध पक्ष्याच्या वजनावर ठरतं, ते दुकानदाराला विचारून घालू नका.